खेळ फुकटचा, नोंद कायमची





यंदा शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नसतील, एके दिवशी मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका विद्यार्थ्याच्या आजी आमच्या कार्यालयात आल्या. आम्हाला वाटले, दाखल्याचे काही काम असेल. आजींनी पिशवीतून मोबाईल काढला, टेबलावर ठेवला आणि विचारले, "सर, माझे गुडघे दुखतात हे ह्या गाडीच्या खेळाला कोणी सांगितलं?"

हकीकत अशी की, संध्याकाळी नातू आजींच्या मोबाईलवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळतो. एक शर्यत संपली की दुसरी सुरू होण्याआधी जाहिरात येते. ती कशाची, तर गुडघ्याच्या पट्ट्याची आणि तेलाची! उलट सकाळी आजी अभंग ऐकायला बसल्या की मध्येच गाड्यांच्या खेळाची जाहिरात सुरू होते. आजींची खात्री झाली की नातवाने कुठेतरी आपली माहिती भरली. त्याला बोलणी बसली. पोरगा रडला. त्याची काहीच चूक नव्हती.

आम्ही आजींची समजूत घालून त्यांना पाठवले खरे, पण दिलेले उत्तर आमचे आम्हालाच पटले नाही. म्हणून या अंकात नेहमीचे निकाल आणि सत्कार यांवर न लिहिता आजींच्या प्रश्नावर लिहीत आहोत.

मोबाईलवरच्या खेळांविषयी पालकसभेत बोलणे निघाले की ठरलेल्या तीन गोष्टी होतात. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मुलगा चिडचिडा होतो. यात खोटे काही नाही. पण मूल खेळाकडे पाहत असते तेव्हा खेळही मुलाकडे पाहत असतो, ही चौथी गोष्ट कोणी काढत नाही. आम्हीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत काढत नव्हतो. त्याचे कारण पुढे येईल.

जाहिरातीशी आमचे काही वैर नाही. हाच अंक उलटून शेवटच्या पानावर पाहा. पेढेवाल्यांची आणि कापड दुकानाची जाहिरात आहे, आणि तिच्यामुळेच छपाईचा खर्च निघतो. १९८७ साली भारतात विश्वचषक झाला, त्याच्या नावातच प्रायोजक कंपनी होती. सीमारेषेभोवती फलक होते, आम्ही सामने पाहिले, फलकही पाहिले. पण सीमारेषेवरचा तो फलक आमच्याकडे पाहत नव्हता. तो पाहणारा गडी धारवाडचा की धुळ्याचा, बारा वर्षांचा की साठीचा, त्याच्या खिशात पैसे आहेत की नाहीत, हे त्याला ठाऊक नव्हते आणि जाणून घेण्याची सोयही नव्हती. पेढेवाल्यांनाही या अंकातली त्यांची जाहिरात कोणी किती सेकंद पाहिली हे कळणार नाही.

खेळाच्या आतला फलक मात्र असा मुका नसतो. २००८ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, तेव्हा 'बर्नआऊट पॅराडाईज' नावाच्या मोटार शर्यतीच्या खेळात रस्त्याकडेच्या फलकांवर बराक ओबामा यांच्या प्रचाराची जाहिरात लागली होती. ती निवडक १० राज्यांतल्या खेळाडूंनाच दिसत असे. रस्ता तोच, गाडी तीच, पण कोण कुठून खेळतो ते पाहून फलक बदलत होता. आज ते तंत्र फारच पुढे गेले आहे.

ते चालते कसे, हे मुलांना ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते, म्हणून सोप्या शब्दांत सांगतो. प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातीसाठी एक ओळखक्रमांक असतो. अक्षरांची आणि आकड्यांची ती एक लांबलचक माळ असते. तिच्यात तुमचे नाव नसते, हे कंपन्यांचे म्हणणे खरे आहे. पण हजेरीपटावर एखाद्या मुलाचे नाव न लिहिता नुसता हजेरी क्रमांक लिहिला आणि त्यापुढे वर्षभर त्याची येण्याची वेळ, जाण्याची वेळ, डब्यात काय होते, कोणाशी बोलला, कशाला घाबरला हे रोज टिपून ठेवले, तर वर्षअखेरीस तो मुलगा कोण हे ओळखायला वर्गशिक्षकांना नावाची गरज पडेल काय? फुकटच्या खेळात जाहिरातीची जागा रिकामी झाली की हा क्रमांक आणि त्यामागची माहिती जाहिरातदारांपुढे जाते, यंत्रांमध्ये लिलाव होतो, आणि पापणी लवायच्या आत जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात पडद्यावर येते. जत्रेतल्या बैलांच्या बाजारात लिलाव निदान डोळ्यांदेखत होतो.

त्यातही 'बक्षिसाची जाहिरात' नावाचा प्रकार मुलांच्या विशेष ओळखीचा आहे. गाडी आपटली, गडी बाद झाला, की पाटी येते: तीस सेकंदांची जाहिरात पाहा आणि पुन्हा जिवंत व्हा. मुलगा पाहतो. कारण त्या क्षणी त्याला जिवंत व्हायचे असते! तो कितव्या वेळी हरला की जाहिरात पाहतो, कितव्या वेळी कंटाळून बंद करतो, रात्री किती वाजता त्याचा संयम सुटतो, याची नोंद होऊ शकते. आम्ही तीस वर्षे मुलांना शिकवतो आहोत. एखादे मूल नेमके कुठे अडते आणि किती वेळा हरल्यावर हिरमुसते, हे कळायला आम्हाला निम्मे वर्ष लागते. खेळाला आठवडा पुरतो. आम्हाला ते कळले तर आम्ही त्याला गणित पुन्हा समजावतो. खेळाला कळले तर तो नाणी विकतो.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरांत मुलाचा असा वेगळा मोबाईल बहुधा नसतो, आणि नसावाच. तो बाबांच्या, आईच्या किंवा आजीच्या मोबाईलवर खेळतो. त्या मोबाईलवरचे खाते मोठ्या माणसाचे, वय मोठ्याचे, बँकेचे अ‍ॅपही तिथेच. गुगलने २०२१ साली जाहीर केले की १८ वर्षांखालील व्यक्तींना वय आणि आवडीनिवडी पाहून निवडलेल्या जाहिराती दाखवणार नाही. चांगली गोष्ट आहे. पण आजींचे खाते ६८ वर्षांचे! ते हातात धरून बसलेला मुलगा ११ वर्षांचा आहे, हे खात्याला कसे कळावे? आजींनी गुडघेदुखीवरचे व्हिडिओ पाहिले, त्यामुळे मोबाईलच्या लेखी गुडघे दुखणारी व्यक्तीच गाडी चालवत होती. परदेशात बसून केलेली व्यवस्था एक माणूस, एक मोबाईल असे धरून चालते. आपल्याकडे एका मोबाईलवर तीन पिढ्या चालतात. मुलांसाठी बांधलेले कुंपण आपल्या मुलांच्या वाटेत येतच नाही, आणि कर्जाच्या, पत्त्यांच्या, पैजेच्या जाहिराती त्यांच्यापुढे सरळ येऊन उभ्या राहतात.

नवी मुंबईत तयार झालेला 'लुडो किंग' २०१६ साली आला आणि २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. हुबळीतली भावजय आणि पुण्यातली नणंद त्यावर रोज रात्री सोंगट्या खेळत, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. त्यात जाहिराती असतात आणि त्या उघड असतात. खेळ फुकट द्यायचा तर कामगारांचे पगार कुठून तरी निघालेच पाहिजेत. हेही सांगितले पाहिजे की जाहिरातींमुळेच रिक्षाचालकाचा मुलगा आणि डॉक्टरांचा मुलगा तोच खेळ खेळू शकतात. उद्या सगळे खेळ विकत झाले तर चिगरी बसच्या पाससाठी हिशोब करणाऱ्या घरातल्या मुलाच्या वाट्याला काही येणार नाही. तेव्हा जाहिरात नको, असे आम्ही म्हणत नाही. मुलाची नोंदवही नको, एवढेच आमचे म्हणणे आहे. पेढेवाल्यांप्रमाणे सर्वांना सारखी दिसणारी जाहिरात खेळातही लावता येते.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी'सह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. तेव्हा शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाईलवर चालले होते. आम्हा शिक्षकांच्या गटात त्या दिवशी दिवाळी होती. शेवटी सरकारला मुलांच्या अभ्यासाची काळजी वाटली, असे एकाने लिहिलेही. पण आदेशामागचे कारण वाचले तर त्यात अभ्यासाचा उल्लेख नव्हता. वापरणाऱ्यांची माहिती चोरून देशाबाहेरील सर्व्हरवर पाठवली जाते अशा तक्रारी आल्या, आणि देशाच्या सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला, असे त्यात म्हटले होते. पुढे २०२१ साली तोच खेळ भारतासाठीच्या नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तोही बंद झाला, मे २०२३ मध्ये परत आला. त्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या मोबाईलवर येणारा क्रमांक आणि रोज तीन तासांची मर्यादा ठेवली होती. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती मर्यादा कशी पार केली हे आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितले. त्याने वय २२ लिहिले होते. झाले!

आणि मोबाईल मुलांच्या हाती दिला कोणी? २०२० साली आम्हीच दिला. 'ऑनलाईन वर्गासाठी मोबाईलची सोय करावी' या परिपत्रकावर आमचीच सही आहे. काही पालकांनी त्यासाठी उसने पैसे घेतले. दुसरा इलाज नव्हता हे खरे, पण आता मुलांना मोबाईल देणारे पालक बेजबाबदार, असे शाळेने म्हणू नये.

बाहेरदेशी काय झाले तेही थोडक्यात सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये वृत्तपत्रांनी प्रसिद्ध केलेल्या गुप्त कागदपत्रांतून दिसले की अमेरिका आणि ब्रिटनच्या हेरखात्यांचा डोळा 'अँग्री बर्ड्स'सारख्या साध्या खेळांतून बाहेर झिरपणाऱ्या माहितीवरही होता. खेळ बनवणाऱ्या फिनलंडच्या कंपनीने आपण अशी माहिती कोणालाही दिली नाही असे सांगितले. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' बनवणाऱ्या एपिक गेम्सने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. त्यातले २७.५ कोटी डॉलर हे १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केल्याच्या आरोपाबद्दल होते.

आपल्याकडेही कायदा आला आहे, आणि त्याच्या मुळाशी कर्नाटकाचा माणूस आहे, याचे आम्हाला कौतुक वाटते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या ऐंशीनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्यावरूनच २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने मसुदा केला, आणि बऱ्याच फेरफारानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. १८ वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याच्या दृष्टीने मूल आहे. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवायची नाही, त्यांना नेमून जाहिराती दाखवायच्या नाहीत. हे मोडले तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा वेगळा कायदाही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला. त्याआधी आपल्या राज्याने २०२१ साली तसा प्रयत्न केला होता, पण १४ फेब्रुवारी २०२२ रोजी उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमे रद्द ठरवली होती.

आमच्यासारख्या शाळेला त्या २०२३च्या कायद्यातली एक तरतूद विशेष मोलाची वाटते. माहिती मागणाऱ्याने आपली सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायची आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे, कन्नडही आहे. आपली मुले घरात मराठी बोलतात, दुर्गदबैलच्या बाजारात कन्नड बोलतात, दूरदर्शनवर हिंदी ऐकतात आणि खेळातल्या अटी इंग्रजीत न वाचता 'आय अ‍ॅग्री'वर बोट ठेवतात. फुकट, मुफ्त आणि पुक्कटे हे तीनही शब्द त्यांना कळतात, पण त्याची किंमत सांगणारी पाने मात्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत असतात. मराठीतून सूचना मागणे हा यापुढे आपला हट्ट नसेल, हक्क असेल.

कायदा झाला म्हणून सगळे सुरळीत होईल, असे मात्र नाही. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या एका मंत्र्यांचा विधिमंडळात मोबाईलवर पत्त्यांचा खेळ उघडा असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेली खेळाची जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. आम्हाला राजकारणात पडायचे नाही. खुलासा खरा धरला, तरी एका मंत्र्याला सभागृहात बसून बंद करता येईना अशी ती जाहिरात! मग तिसरीतल्या मुलीच्या बोटाला ती कोपऱ्यातली बारीक फुली कशी सापडावी? जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका खेळाच्या अ‍ॅपची शिफारस करत असल्याचा व्हिडिओ फिरत होता. तो यंत्राने बनवलेला खोटा व्हिडिओ आहे, असे स्वतः सचिनलाच सांगावे लागले. आमच्या आठवीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो खरा मानला होता. ज्या घरात सचिनचा फोटो देव्हाऱ्याच्या शेजारी असतो, तिथे तो जे सांगेल ते खरेच वाटणार.

आता कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचे दोन तरुण प्रतिनिधी आमच्याकडे आले. खेळातून गणित शिकवणारे अ‍ॅप, शाळेला संपूर्ण मोफत, आंतरशालेय स्पर्धा, बक्षिसे, प्रमाणपत्रे. त्यांनी पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे मोबाईल क्रमांक मागितले. सोबत इंग्रजीतला सात पानांचा करार होता. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. इंग्रजी कागद आम्हाला आजही दोनदा वाचावा लागतो. त्या दोन चुणचुणीत मुलांपुढे शब्दकोश काढून बसायची आम्हाला लाज वाटली. पहिले पान वाचले, शेवटच्या पानावर सही केली आणि लिपिकांना यादी द्यायला सांगितले. पालकांना विचारले नाही. विश्वस्तांच्याही कानावर घातले नाही.

महिनाभराने पालकांना फोन सुरू झाले. तुमचे मूल अपूर्णांकात कच्चे आहे, शिकवणीचा अमुक हजारांचा वर्ग घ्या. एका आईंना तर फोनवरच्या मुलीने सांगितले की तुमचा मुलगा रात्री साडेदहानंतर खेळतो तेव्हा त्याच्या चुका वाढतात. त्या आई रुग्णालयात रात्रपाळी करतात. आपले मूल रात्री साडेदहाला जागे असते, हे त्यांना एका अनोळखी विक्रेतीकडून कळले. त्या आमच्यापुढे बसून एवढेच म्हणाल्या, "सर, माझा नंबर तुम्ही दिलात?" आम्ही होय म्हणालो. तीस वर्षांच्या नोकरीत इतके ओशाळे आम्ही कधी झालो नव्हतो. यादी परत मागितली, तेव्हा करारातल्या पाचव्या पानावरचे कलम दाखवण्यात आले. त्यात सगळे लिहिलेले होते. आमच्या सहीसकट.

ही गोष्ट आजवर आम्ही या पानांवर लिहिली नव्हती. आता लिहिण्याचे कारण म्हणजे येत्या बैठकीत विश्वस्त मंडळापुढे तशाच प्रकारचा दुसरा प्रस्ताव येत आहे. सभागृहात मोठा पडदा, वर्गांसाठी टॅब, त्यावर शैक्षणिक खेळ. बदल्यात खेळांमध्ये जाहिराती आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतंत्र खाते. शिवाय वार्षिक देणगी. गेल्या पावसाळ्यात तिसरीच्या वर्गात बादल्या लावाव्या लागल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. छपराच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, हा विश्वस्तांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हाला प्रेमाने विचारले की, "अहो सर, पोरांपाशी लपवण्यासारखं असतं तरी काय? जुन्या वाड्यात राहिलो आपण. कोणाच्या घरी काय शिजलं ते साऱ्या पेठेला कळत होतं."

आम्ही यावर पुष्कळ विचार केला. वाड्यात सगळ्यांना सगळे कळत होते, हे खरेच. पण ज्यांना कळत होते ते आपल्यालाही कळत होते. शेजारच्या काकूंना आमच्या घरातले भांडण ठाऊक होते, तसे आम्हाला त्यांच्या घरातले ठाऊक होते. मूल आजारी पडले की त्याच काकू पेज घेऊन येत. आणि आम्ही दहावीत एका विषयात नापास झालो होतो, हे त्या पेठेने पाचेक वर्षांत विसरूनही टाकले. यंत्र आपण होऊन विसरत नाही. आज अकरा वर्षांच्या मुलाची अधीरता, त्याचे हरणे, रात्रीचे जागणे कुठेतरी टिपले गेले, तर तो एकविसाचा होऊन नोकरी किंवा कर्ज मागायला जाईल तेव्हा ती नोंद कोणाच्या हाती असेल, हे ना आम्हाला सांगता येईल, ना विश्वस्तांना. मुलांपाशी लपवण्यासारखे काही नसेलही. पण ते देऊन टाकण्याचा अधिकार आपला नाही.

नव्या नियमांत शाळांना काही सवलत आहे. शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा मुलांवर लक्ष ठेवू शकते. शाळा मुलाचे वाईट करणार नाही हे कायद्याने गृहीत धरले आहे. हजेरी, गुण, बसचा थांबा या माहितीसाठी ती सवलत आम्हाला हवीच. तिच्या आडून कोणाला जाहिरातीची दुकानदारी करू देणे आम्हाला मान्य नाही. म्हणून या प्रस्तावाला आमचा विरोध आहे, आणि बैठकीत आम्ही तो लेखी मांडणार आहोत. कंपनी विद्यार्थ्यांची नावे आणि खाती न मागता, नोंद न ठेवता, सर्वांना एकसारखे दिसणारे फलक लावून खेळ देणार असेल, तर आम्ही आनंदाने विचार करू. करार मराठीत हवा. छपरासाठी माजी विद्यार्थ्यांकडे हात पसरायला आम्ही स्वतः दारोदार जाऊ.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाटेल की सर पुन्हा खेळ बंद करा म्हणणार. तसे नाही. खेळा. पण जन्मवर्ष खरे लिहा. लहान आहोत असे सांगण्यात कमीपणा नाही, उलट पुष्कळ कुंपणे तुमच्यासाठीच बांधलेली आहेत. शर्यतीच्या खेळाला तुमच्या फोनमधले संपर्क, ठावठिकाणा आणि माइक कशाला हवा, हे एकदा स्वतःलाच विचारा. शाळेच्या गणवेशातला फोटो खेळातल्या खात्यावर लावू नका, त्यावर शाळेचे नाव असते. आणि पालकांनो, मुलाच्या हाती आपला मोबाईल देताना खात्यात त्याचे वेगळे, लहान मुलाचे प्रोफाइल करता येते. पैसे भरण्याच्या अ‍ॅपला वेगळे कुलूप लावता येते. जाहिरातीचा तो ओळखक्रमांकही पुसता येतो. अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग गुगल, मग जाहिराती या वाटेने तो सापडतो. आयफोनमध्ये गोपनीयतेच्या पानावर 'ट्रॅकिंग' बंद करता येते.

हे नुसते वाचून जमत नाही, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. आमच्या मोबाईलवर ते करून दाखवले ते नववीतल्या एका मुलीने, आणि तिला दोन मिनिटे लागली. म्हणून येत्या दोन शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संगणक कक्षात नववीचे विद्यार्थी बसतील. पालकांनी आणि आजी-आजोबांनी आपला मोबाईल घेऊन यावे. धारवाडहून येणाऱ्यांनी थोडे उशिरा आले तरी चालेल, दोन वाजेपर्यंत कक्ष उघडा राहील. सोबत पासवर्ड लिहिलेला कागद आणू नये, तो मुलांना सांगूही नये, स्वतःच घालावा. दोन वर्षांपूर्वी ज्या पालकांचे क्रमांक आम्ही न विचारता दिले, त्यांना आम्ही स्वतंत्र पत्र पाठवत आहोत. ज्यांना ते आठवडाभरात मिळणार नाही, त्यांनी कृपया कार्यालयात कळवावे.

सहावीतल्या त्या नातवाच्या आजींनी पहिल्या शनिवारी यायचे कबूल केले आहे.

आपले स्नेहांकित,
मुख्याध्यापक